तीन सेमिनरी, एक वर्ग: इंदुरात मराठी अभ्यासकेंद्र कसे उभारावे

सेमिनरींमधल्या (पाळक घडवणाऱ्या ख्रिस्ती विद्यालयांमधल्या) सहकार्याची सुरुवात बहुधा चुकीच्या टोकापासून होते. आधी प्राचार्यांची बैठक, मग सामंजस्य करार, सह्या, फोटो. करारात ‘परस्पर सहकार्य वृद्धिंगत करणे’ असे एक वाक्य असते. दोन वर्षांनी पाहावे तर त्या कराराखाली एकही माणूस शिकलेला नसतो. उलटा क्रम लावला तर काम होते. आधी एक कोर्स, एक वर्ग आणि नावानिशी ठरलेले पंधरा-वीस विद्यार्थी. त्या वर्गाला जेवढे कागद लागतात तेवढेच आधी करायचे, बाकीचे नंतर. खालची मांडणी याच क्रमाने आहे आणि ती इंदूरच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांसाठी लुथरन (मार्टिन लुथरच्या परंपरेतल्या) सेमिनरींच्या मदतीने चालणारे अभ्यासकेंद्र समोर ठेवून केली आहे.

इंदूरची अडचण आणि सोय

इंदूरचे प्रॉटेस्टंट जीवन लुथरन मुळातले नाही. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी इथे १८७७ मध्ये आले. १८८७ मध्ये त्यांनी इंदूर ख्रिश्चन कॉलेज काढले आणि १९७० नंतर तो वारसा चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आला. त्याच १८७७ साली स्वीडनच्या मिशनने मध्य प्रांतात काम सुरू केले. त्यातून आजचे इव्हँजेलिकल लुथरन चर्च इन मध्य प्रदेश उभे राहिले. त्याचे मुख्यालय छिंदवाड्याला आहे, आणि छिंदवाड्याच्या दक्षिणेचा सौंसर-पांढुर्णा पट्टा तर बोलीने मराठीच. त्या बाजूची मुले शिक्षणासाठी इंदुरात येतात, पिथमपूरच्या कारखान्यांत लागतात, इथेच घर करतात आणि रविवारी जवळच्या चर्चमध्ये बसतात. त्यामुळे वर्गात लुथरन घरातून आलेले आणि प्रेस्बिटेरियन वळणाचे असे दोन्ही लोक असणार, हे पहिल्या दिवसापासून धरून चालावे.

लुथरन सेमिनरी मात्र इथून लांब आहेत. चेन्नईचे गुरुकुल लुथरन थिऑलॉजिकल कॉलेज १९२७ पासूनचे. रांचीचे गॉसनर थिऑलॉजिकल कॉलेज ज्या मंडळीचे आहे, तिचे पहिले मिशनरी १८४५ मध्ये छोटानागपुरात पोचले. राजमहेंद्रीचे लुथरगिरी तेलुगू मंडळ्यांचे. यांपैकी कुणाचीही अध्यापनाची भाषा मराठी नाही. जवळची सेमिनरी म्हणजे जबलपूरचे लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज. ते लुथरन नाही, पण रात्री गाडीत बसले की सकाळी जबलपूर. मराठी परिभाषेसाठी पुण्याच्या युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीकडे पाहावे लागेल.

सोय एकच, पण मोठी आहे. गुरुकुल, गॉसनर, लिओनार्ड आणि पुण्याची युनायटेड या सगळ्या संस्था सिरामपूर सिनेटशी, म्हणजे सिरामपूर कॉलेजच्या पदव्या देणाऱ्या मंडळाशी, संलग्न आहेत. सिरामपूर कॉलेज १८१८ चे, डेन्मार्कच्या राजाची सनद १८२७ ची आणि सिरामपूर कॉलेज कायदा १९१८ चा. म्हणजे पदवी देण्याचा अधिकार एकाच छत्राखाली आहे. क्रेडिटच्या, म्हणजे एका संस्थेत शिकलेले दुसरीत मोजून घेण्याच्या, वाटाघाटी निम्म्याने सोप्या होतात त्या यामुळे.

पहिले पाऊल: कामे वाटा, मान नाही

एका वर्गाला चार जबाबदाऱ्या लागतात, आणि प्रत्येकीला एकच मालक हवा. शिकवणारी सेमिनरी मजकूर आणि प्राध्यापक देते. नोंद ठेवणारी सेमिनरी प्रवेश, गुण आणि प्रमाणपत्र सांभाळते. इंदूरचे केंद्र जागा, स्थानिक मार्गदर्शक आणि हजेरी पाहते. आणि विद्यार्थ्याची मंडळी त्याला पाठवते, त्याच्या प्रत्यक्ष कामाची जागा देते. पहिल्या वर्षी तीनच सेमिनरी घ्या: दोन लुथरन आणि एक जवळची. पाच-सहा घेतल्या तर निम्मा वेळ बैठकीची तारीख जुळवण्यात जातो.

‘दोघेही मिळून पाहतील’ असे कुठे लिहू नका. दोघांनी पाहायची गुणपत्रिका कुणीच पाहत नाही.

केंद्राला एक अर्धवेळ समन्वयक लागतो, आठवड्याला साधारण १२ तासांचा. हे काम पाळकांच्या गळ्यात घालू नये. त्यांच्याकडे अंत्यविधी, लग्ने आणि आजाऱ्यांच्या भेटी आधीच असतात. वर्ग रद्द होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण तेच. निवृत्त शिक्षिका किंवा बँकेतून निवृत्त झालेला माणूस या कामाला उत्तम. शिवाय दर ८ ते १० विद्यार्थ्यांमागे एक मार्गदर्शक हवा. तो व्याख्यान देत नाही, चर्चा चालवतो. विस्तारित ईश्वरविज्ञान शिक्षणाची ही पद्धत १९६३ च्या सुमारास ग्वाटेमालात सुरू झाली आणि १९७१ पासून बंगळुरूच्या टॅफ्टी या संस्थेने ती भारतात रुजवली. तिचे तीन भाग आहेत: घरी स्वाध्याय, आठवड्याची बैठक आणि मंडळीतले काम. नवे काही शोधत बसण्यापेक्षा हे जसेच्या तसे घ्या.

दुसरे पाऊल: पहिला कोर्स कोणता

इथे मोह होतो तो ‘मिशनचे ईश्वरविज्ञान’ किंवा ‘समकालीन आव्हाने’ असे रुंद नाव घेण्याचा. नको. पहिला कोर्स असा हवा की ज्याच्या मजकुरावर सगळ्या भागीदारांचे आधीच एकमत आहे आणि जो शिकलेला माणूस पुढच्याच रविवारी वापरू शकेल. लुथरची १५२९ ची लघु प्रश्नोत्तरी, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाची प्रश्नोत्तररूपी ओळख, या दोन्ही कसोट्यांवर उतरते. कोर्स रविवारशाळेच्या शिक्षकांसाठी, घरसभा चालवणाऱ्यांसाठी आणि दृढीकरण वर्ग (बाप्तिस्मा झालेल्यांना पूर्ण सभासदत्वासाठी तयार करणारे) घेणाऱ्यांसाठी ठेवा.

दहा बैठकींची वाटणी अशी जमते: दहा आज्ञांना दोन, मतांगीकाराच्या (विश्वासाच्या कबुलीच्या) तीन भागांना तीन, प्रभूच्या प्रार्थनेला दोन, आणि बाप्तिस्मा, पापांगीकार व प्रभुभोजन यांना एकेक. शेवटच्या बैठकीला इंदुरात थोडी तयारी लागते. प्रभुभोजनात ख्रिस्त कसा उपस्थित असतो यावर लुथरन आणि रिफॉर्म्ड (प्रेस्बिटेरियन याच कुळातले) परंपरांत सोळाव्या शतकापासून मतभेद आहे. युरोपातल्या लुथरन, रिफॉर्म्ड आणि संयुक्त मंडळ्यांनी १९७३ च्या लॉयेनबर्ग करारात परस्परांचे व्यासपीठ आणि मेज (उपदेश आणि प्रभुभोजन) मान्य केले. तो करार इथे आपोआप लागू होत नाही, पण कोणते शब्द वापरले तर दोन्ही बाजूंना आपले म्हणणे ओळखू येते, हे त्यातून शिकता येते. त्या दिवशी दोन्ही परंपरांचा एकेक पाळक समोर बसवा. हा विषय टाळला तर तो चहाच्या वेळी निघतो, आणि तेव्हा कुणीच नीट उत्तर देत नाही.

तिसरे पाऊल: तास मोजा, मग क्रेडिट बोला

क्रेडिटवरून सेमिनरी भांडतात, कारण प्रत्येकीचे माप वेगळे असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मापात एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचे अध्यापन. युरोपीय मापात वर्ग आणि स्वाध्याय मिळून २५ ते ३० तास. अमेरिकी मापात वर्गाचे १५ आणि बाहेरचे ३०, म्हणजे सुमारे ४५ तास. म्हणून आधी तास लिहा.

दहा साप्ताहिक बैठकी प्रत्येकी २ तास, म्हणजे २० तास. दोन पूर्ण शनिवार प्रत्येकी ५ तास, म्हणजे १०. स्वाध्याय आठवड्याला ४ तास, म्हणजे ४०. मंडळीत शिकवण्याचे काम २० तास. एकूण ९०. अध्यापनाचे तास ३० असल्यामुळे आपल्या मापात २ क्रेडिट, अमेरिकी मापातही २, युरोपीय मापात ३. हा हिशेब कोर्सच्या पहिल्या पानावर छापा. उद्या एखादा विद्यार्थी दुसरीकडे गेला तर त्याच्या प्रमाणपत्रावरून तिथल्या रजिस्ट्रारला हिशेब लावता आला पाहिजे.

नावाच्या बाबतीत कडक राहा. विद्यापीठ अनुदान आयोग कायदा १९५६ च्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापलेल्या विद्यापीठांना आणि तसा अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे. केंद्राने ‘प्रमाणपत्र’ द्यावे. ‘पदवी’ हा शब्द पत्रकातही नको. पुढे पदवी हवी असणाऱ्यांसाठी सिरामपूर सिनेटचा बाह्य विद्यार्थ्यांसाठीचा ख्रिस्ती अभ्यासाचा पदविका-पदवी मार्ग आहे. पहिले प्रमाणपत्र त्यात धरले जाईल का, हे नोंद ठेवणाऱ्या सेमिनरीकडून लेखी घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’ म्हणणारे रजिस्ट्रार निवृत्त होतात.

आणखी एक गोष्ट पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावी लागते. ऑग्जबर्ग मतांगीकार (१५३०) या लुथरन विश्वासपत्राच्या चौदाव्या कलमानुसार रीतसर पाचारण (मंडळीने दिलेली अधिकृत नेमणूक) नसताना कुणी मंडळीत जाहीरपणे शिकवू नये वा संस्कार देऊ नयेत. प्रमाणपत्र म्हणजे पाचारण नव्हे. पाचारण मंडळी देते, सेमिनरी नाही. हे न सांगितल्यास दोन वर्षांनी कुणीतरी प्रमाणपत्र दाखवून प्रभुभोजन द्यायला उभा राहतो आणि सगळ्या केंद्राला कुलूप लागते.

चौथे पाऊल: मराठी मजकूर, आणि इथेच सर्वाधिक वेळ

चेन्नईचा प्राध्यापक इंग्रजीत बोलतो आणि शेजारी कुणी वाक्यागणिक मराठी करतो, हा प्रकार एखाद्या उपासनेपुरता ठीक. वर्गात त्याने तासाभराचा मजकूर जेमतेम अर्ध्या तासाचा उरतो आणि प्रश्न विचारायला कुणी धजत नाही. त्याऐवजी प्राध्यापकाने लेखी मजकूर आधी द्यावा, तो मराठीत व्हावा, वर्ग स्थानिक मार्गदर्शकाने घ्यावा. प्राध्यापक शेवटच्या ३० मिनिटांसाठी व्हिडिओवर येईल, तेही आधी पाठवलेल्या पाच-सहा प्रश्नांसाठीच.

वेळेचा अंदाज नीट घ्या. १२० पानांची कार्यपुस्तिका, पानाला २५० शब्द, म्हणजे ३०,००० शब्द. तपासून दिवसाला १,२०० शब्द होतात, त्याहून जास्त वेगाने केलेले भाषांतर पुन्हा करावे लागते. म्हणजे २५ कामाचे दिवस. वर तपासणीचे १० दिवस, आणि तीन सामान्य वाचकांकडून वाचून घ्यायला दोन आठवडे. छपाई धरून चार-पाच महिने. जुलैत वर्ग हवा असेल तर भाषांतर फेब्रुवारीत सुरू झालेच पाहिजे.

आधी साठेक पारिभाषिक शब्दांची यादी करा, ती मराठी पवित्र शास्त्राच्या शब्दांशी जुळवा आणि तिन्ही सेमिनरींकडून मान्य करून घ्या. हिंदी पुस्तिकेवरून मराठी करण्याचा आडमार्ग इंदुरात फार सोपा वाटतो. तो घेऊ नका; शब्द हिंदीच राहतात आणि फक्त क्रियापदे मराठी होतात.

हक्कांचा प्रश्नही याच टप्प्यावर सोडवा. लुथरचा मूळ मजकूर सगळ्यांचा आहे, पण त्याचे आधुनिक इंग्रजी भाषांतर बहुधा हक्काधीन असते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो, आणि भाषांतराला स्वतंत्र हक्क असतो. मराठी पुस्तिकेचा हक्क कुणाचा, आणि सहकार्य संपल्यावरही बाकीच्यांना ती छापता येईल का, ही दोन वाक्ये भाषांतरकाराला पहिला हप्ता देण्याआधी लिहून घ्या.

पाचवे पाऊल: तारखा आणि तांत्रिक बाजू

सेमिनरीचे सत्र जूनचे असो की जुलैचे, वर्ग विद्यार्थ्यांच्या वर्षाने चालतो. माळव्यात सप्टेंबरअखेरपासून सोयाबीनची काढणी लागते. पांढुर्णा बाजूला संत्र्याचा आंबिया बहार ऑक्टोबरपासून उतरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, मग ईस्टरआधीचा उपवासकाळ आणि दुःखसप्ताह, डिसेंबर तर ख्रिस्तजयंतीचाच. उरते जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतची पट्टी, नेमके दहा-अकरा आठवडे. त्यात अनंत चतुर्दशीचा दिवस वगळा; झांक्यांच्या (गणेशविसर्जनाच्या चित्ररथांच्या) रात्री राजवाड्याच्या बाजूने कुणी घरी पोचत नाही. शनिवारी दुपारी ४ ते ६ ही वेळ नोकरदारांना जमते. पाळकांचा वेगळा गट असेल तर सोमवार, कारण रविवारनंतर तोच एक दिवस त्यांना मोकळा मिळतो.

छिंदवाडा-बैतूलकडच्या विद्यार्थ्यांना दर शनिवारी बोलावता येत नाही. त्यांना दोन पूर्ण शनिवारी यायला सांगा आणि बाकी बैठकी त्यांच्याच गावात चार-पाच जणांच्या गटात घ्या. व्हिडिओचा एक तास सहज ३०० ते ५०० एमबी खातो. तोच तास मोनो आवाजात ३२ केबीपीएसवर साठवला तर साडेचौदा एमबीच्या आसपास बसतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. पावसाळ्यात वीज जाते म्हणून ध्वनिफीत शुक्रवारीच पाठवा. केंद्रात एकाच खोलीत चार मोबाइल जोडले गेले की आवाज घुमतो. खोलीत एकच जोडणी, एकच मायक्रोफोन.

सहावे पाऊल: पैसा

परदेशी भागीदार असेल तर इथे सर्वांत सावध राहा. पूर्वी परदेशी मिशन मंडळ एका सेमिनरीला रक्कम देई आणि ती इतरांत वाटली जाई. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी योगदान (नियमन) कायदा २०१० खाली मिळालेली रक्कम दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, दुसरी संस्था नोंदणीकृत असली तरी. रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येते आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे, पूर्वी ती ५० होती. म्हणून इंदूरचे केंद्र चेन्नईच्या परदेशी निधीवर उभे करू नका. ज्या सेमिनरीला निधी मिळतो तिने आपल्याच कार्यक्रमाचा खर्च थेट करावा, छापखान्याचे बिल किंवा भाषांतरकाराचे मानधन आपल्या नावाने द्यावे. अशी व्यवस्थाही लेखापालाला दाखवूनच.

वर्गाचा चालू खर्च मुळात फार नसतो. १८ विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शकांचे मानधन १०,००० रुपये, दोन शनिवारचे जेवण ६,०००, छपाई ५,०००, एका प्राध्यापकाचा एकदाचा प्रवास १०,०००, इंटरनेट व किरकोळ २,०००; एकूण ३३,००० धरा. प्रत्येकी १,२०० रुपये फी घेतली तर २१,६०० जमतात. उरलेले ११,४०० तीन सेमिनरींनी वाटून घ्यावेत. भाषांतराचा खर्च एकदाच होतो, तो वेगळा ठेवा. समन्वयकाला मानधन द्यायचे असेल तर तेही या आकड्यात धरलेले नाही. फी परवडत नसेल तर निम्मी मंडळीने भरावी, पण पूर्ण माफी नको. फुकटच्या वर्गाला चौथ्या आठवड्यानंतर खुर्च्या रिकाम्या दिसतात.

मिशनचे प्रत्यक्ष काम

लुथरन वर्ल्ड फेडरेशनने २००४ मध्ये मिशनची मांडणी परिवर्तन, समेट आणि सक्षमीकरण अशी केली. मंडळीतल्या २० तासांचे काम याच चौकटीत बसवा: दृढीकरण वर्गाचे चार पाठ घेणे, रुग्णालयात पडलेल्या सभासदांच्या भेटी, पिथमपुरात एकटे राहणाऱ्या तरुणांची पंधरवड्याची सभा.

मध्य प्रदेश धर्म स्वातंत्र्य कायदा २०२१ प्रत्येक मार्गदर्शकाने वाचलेला असावा. त्यात प्रलोभनाची व्याख्या रुंद आहे. भेटवस्तू, नोकरी, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतले शिक्षण, हे सगळे त्यात येते. धर्मांतरासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना ६० दिवस आधी सूचना देण्याची तरतूदही आहे. त्यामुळे प्रवेश १८ वर्षांवरील मंडळीच्या सभासदांनाच, पाळकांच्या पत्रासह. सेवाकार्याची नोंदवही आणि मंडळीची सभासद-वही कधीही एकत्र नको. फीची पावती प्रत्येकाला द्या, ती हिशेबाइतकीच इथेही उपयोगी पडते.

परीक्षा, नोंदी आणि बाहेर पडण्याचा रस्ता

रांचीच्या प्राध्यापकाला मराठी उत्तरपत्रिका वाचता येत नाही. म्हणून गुण मराठी परीक्षक देईल, आणि दर पाचातली एक उत्तरपत्रिका भाषांतर करून शिकवणाऱ्या सेमिनरीकडे तपासायला जाईल. निम्मे गुण लेखीला, निम्मे मंडळीत घेतलेल्या पाठाला. तो पाठ मार्गदर्शकाने मागे बसून ऐकलेला हवा, नुसता अहवाल चालणार नाही. नोंदींच्या दोन प्रती असाव्यात, एक केंद्रात आणि एक नोंद ठेवणाऱ्या सेमिनरीत, आणि दर सत्राअखेर त्या ताडून पाहाव्यात.

एवढे एकदा पार पडले की सामंजस्य करार लिहायला घ्या. आता त्यात लिहायला काहीतरी असते. त्यातली तीन कलमे सोडू नका: प्रवेश घेतलेला शेवटचा विद्यार्थी पूर्ण होईपर्यंत कुणी भागीदार बाहेर पडणार नाही, बाहेर पडायचे तर सहा महिन्यांची लेखी सूचना, आणि सहकार्य म्हणजे विलीनीकरण नव्हे. तिसऱ्याला आधार आहे. अमेरिकेत गेटिसबर्ग (१८२६) आणि फिलाडेल्फिया (१८६४) या दोन लुथरन सेमिनरी आधी अनेक वर्षे एका गटात एकत्र काम करत होत्या आणि १ जुलै २०१७ ला त्या एक झाल्या. तिथे ते परिस्थितीने योग्य ठरले असेल. इथे मात्र ती शंका मनात असेल तर छोट्या सेमिनरीचे विश्वस्त पहिल्याच क्रेडिटला अडकवून ठेवतात.

दुसरा कोर्स निवडताना प्राचार्यांना शेवटी विचारा. आधी पहिल्या तुकडीला तीन पर्याय द्या. कोणत्या पाठाला मंडळीत सर्वाधिक अवघड प्रश्न आले, हे त्यांनी लिहून दिले की निवड बहुधा तिथेच होते. त्याच तुकडीतून दोन जणांना पुढच्या वर्षीचे सहायक मार्गदर्शक नेमा, आणि त्यांची नावे जानेवारीतच पक्की करा, म्हणजे नव्या पुस्तिकेच्या कच्च्या प्रती वाचायला तेच मिळतील.